लगाशचं राज्य : राजाचा शब्द आणि बायकांच्या याद्या

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या मांडणीचा लेखी मसुदा)

'स्त्रिया आणि राज्यसंस्था' या विषयावर मी बोलावं असं ठरलं आणि मी लगाशचं नाव घेतलं, तेव्हा काहीजणींनी एकमेकींकडे पाहिलं. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं राज्य, तेही इराकमधलं. आपल्याला त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. मी इतिहासतज्ज्ञ नाही. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि तेव्हापासून पोटगीचे अर्ज, रेशनकार्डं आणि हजेरीपट यांच्यातच दिवस जातो. पण म्हणूनच लगाशबद्दल वाचताना मला ते सगळं ओळखीचं वाटलं. तिथे मातीच्या पाट्यांवर धान्यवाटपाच्या याद्या आहेत. यादीत बाईचं नाव, नावापुढे मुलं किती, मुलगे किती, मुली किती, आणि धान्य किती. त्याच गावात, त्याच काळात, राजाची एक जाहीर घोषणाही आहे : विधवेला आणि अनाथाला मी बलवंताच्या हाती जाऊ देणार नाही. अशी लेखी घोषणा जगात सापडलेल्या सर्वांत जुन्या घोषणांपैकी एक आहे.

एका बाजूला घोषणा, दुसऱ्या बाजूला यादी. या दोन्हींचा एकमेकींशी काय संबंध होता, एवढंच आज आपण पाहायचं आहे.

राज्य कसं उभं राहिलं

तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या दरम्यानचा सखल प्रदेश म्हणजे मेसोपोटेमिया. त्याच्या अगदी दक्षिणेला सुमेर. सुमेरमध्ये एक मोठं साम्राज्य नव्हतं, लहान लहान नगरराज्यं होती. त्यातलंच एक लगाश. गिर्सू, लगाश आणि निना अशी त्याची तीन मुख्य गावं, एका कालव्याने जोडलेली. पाऊस नगण्य, त्यामुळे शेती सगळी कालव्याच्या पाण्यावर. कालवा खणायचा, गाळ काढायचा, बांध धरायचा, म्हणजे माणसं लागणार. आणि ज्याच्या हुकमाने माणसं कामावर येतात, त्याच्या हातात सत्ता येते.

इ.स.पूर्व २५०० च्या सुमाराला उर-नान्शे नावाच्या राजाने इथे घराणं स्थापन केलं. या घराण्यापासून उरुकागिनापर्यंत एकूण नऊ राज्यकर्ते झाले, जेमतेम दीडशे वर्षांत. उर-नान्शेची एक कोरीव दगडी पाटी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात राजा डोक्यावर विटांची पाटी घेऊन उभा आहे. देऊळ बांधताना पहिली पाटी राजाने उचलायची, असा तो सोहळा. पुढच्या हजारो पाट्या ज्यांनी वाहिल्या, त्या त्या चित्रात नाहीत.

त्याचा नातू एआन्नातुम. शेजारच्या उम्मा राज्याशी एका सुपीक पट्ट्यावरून त्याचं युद्ध झालं. गुएदेना हे त्या पट्ट्याचं नाव. ते युद्ध त्याने दगडावर कोरून ठेवलं आहे : ढाली जोडून चालणारे सैनिक, पायाखाली प्रेतं, आणि शत्रूंची मुंडकी चोचीत घेऊन उडणारी गिधाडं. उम्माने कालव्याचं पाणी वळवायचं, लगाशने चाल करून जायचं, पुन्हा सीमेचा दगड रोवायचा, पुन्हा तो उपटला जायचा. हा तंटा पिढ्यान्पिढ्या चालला. लगाशने उम्मावर धान्याची बाकी लावली आणि तिच्यावर व्याज चढवलं. व्याजावर व्याज चढत त्या बाकीचा आकडा इतका फुगला, की तेवढं धान्य कुठल्याच राज्यात पिकणं शक्य नव्हतं.

व्याज फक्त शत्रूवर चढत होतं असं मात्र नाही. घरातही चढत होतं. एआन्नातुमचा पुतण्या एन्मेतेना याने आपल्या लेखात सांगितलं आहे की, त्याने धान्याच्या कर्जावरचं व्याज माफ केलं, मूल आईला परत मिळवून दिलं आणि आई मुलाला. यासाठी सुमेरी भाषेत शब्द आहे 'अमार्गी'. त्याचा शब्दशः अर्थ आईकडे परत जाणं. पुढे तोच शब्द कर्जमाफी आणि सुटका या अर्थाने चालला. 'स्वातंत्र्य' या अर्थाचा जगातला पहिला लिखित शब्द म्हणून पुस्तकांत त्याचं मोठं कौतुक होतं.

आपण मात्र दुसरा प्रश्न विचारायचा. मूल आईकडे परत यायला, आधी ते आईपासून गेलं कसं? कर्ज फिटलं नाही की सावकाराच्या घरी राबायला माणूस द्यायचं, हे त्याचं उत्तर. आणि कुटुंबातून आधी कोण दिलं जातं? मूल आणि बाई. म्हणजे स्वातंत्र्य हा शब्द जिथे पहिल्यांदा लिहिला गेला, तिथे गहाण पडलेली आई आणि गहाण पडलेलं लेकरू आहे.

बाईचं घर

इ.स. १८७७ मध्ये बसऱ्यातले फ्रेंच उपवाणिज्यदूत एर्नेस्ट द सार्झेक यांनी तेल्लो इथे, म्हणजे जुन्या गिर्सूत, उत्खनन सुरू केलं. पुढच्या काही दशकांत तिथून हजारो पाट्या निघाल्या, काही रीतसर, पुष्कळशा चोरून. आज त्या पॅरिस, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग अशा ठिकाणी विखुरल्या आहेत. त्यांतल्या सुमारे सतराशे ते अठराशे पाट्या एकाच कचेरीच्या आहेत. त्या कचेरीचं नाव 'ए-मी', म्हणजे 'बाईचं घर'. ही बाई म्हणजे राजाची राणी. शेवटच्या तीन राज्यकर्त्यांच्या काळातला, साधारण वीस वर्षांचा हा हिशोब आहे.

राज्यकर्ता लुगालांदा याची बायको बारानामतारा हिच्या नावाने जमिनी होत्या, गुरं होती, विणकामाचे गट होते. तिचे व्यापारी माल घेऊन दिलमूनला, म्हणजे आजच्या बहारीनच्या बाजूला जात आणि तांबं आणत. अदाब नावाच्या राज्याच्या राणीशी तिची भेटवस्तूंची देवाणघेवाण चालत असे. ती वारली तेव्हा तिच्या नवऱ्याची सत्ता गेलेली होती. तरी शोक करायला शेकडो माणसं जमली आणि त्यांना वाटलेल्या भाकरीचा आणि बिअरचा हिशोब लिहून ठेवलेला आहे.

हे वाचून आनंद होतो, नाही म्हणणार नाही. एवढ्या जुन्या काळी एक बाई एवढा कारभार करत होती! पण गेर्डा लर्नर या अभ्यासक बाईंनी १९८६ च्या आपल्या 'द क्रिएशन ऑफ पॅट्रिआर्की' या ग्रंथात अशा राण्यांविषयी जे मांडलं आहे, ते लक्षात ठेवायला हवं. त्यांची सत्ता खरी होती, पण ती नवऱ्याच्या जागी उभी राहिलेल्या बायकोची सत्ता होती. नवरा गादीवर तोवर ती कचेरीत. आपल्याकडे सरपंचबाईंबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्तींना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

आता त्याच कचेरीतल्या दुसऱ्या बायकांकडे वळू या. त्यांच्यामुळेच ते घर चालत होतं. लोकर पिंजणाऱ्या, सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या, दळणाऱ्या, बिअर बनवणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या, डुकरं सांभाळणाऱ्या. दर महिन्याला त्यांना सातू मापून मिळायचे. यादीत मुकादमाचं नाव, त्याच्या हाताखालच्या बायकांची नावं, त्यांच्या मुलांची संख्या, शेवटी बेरीज. मुलांनाही मापून धान्य, कारण मुलंही कामालाच. काही बायका विकत घेतलेल्या होत्या. याद्यांत अनाथांचीही नोंद येते. बागेत पाणी ओढणाऱ्या पुरुषांचा एक गट तर 'न पाहणारे' या नावानेच लिहिला आहे.

बाईचं माप आणि पुरुषाचं माप सारखं नव्हतं. पुढच्या काळात, इ.स.पूर्व २१०० ते २००० च्या दरम्यान, ठरलेलं माप असं होतं : पुरुष मजुराला महिन्याला ६० सिला सातू, बाईला ३० सिला. एक सिला म्हणजे साधारण एक लिटर. विणकामाच्या मागावर दिवस काढणाऱ्या बाईला कालव्यावरच्या पुरुषाच्या निम्मं. 'बाईचं काम हलकं' हे वाक्य कुठल्या काळापासून चालत आलंय, ते यावरून दिसतं.

सुधारणा आली

इ.स.पूर्व २३५० च्या थोडं आधी लुगालांदाची सत्ता गेली आणि उरुकागिना आला. काही अभ्यासक त्याचं नाव उरुइनिमगिना असं वाचतात. त्याने मातीच्या शंकूंवर आपल्या सुधारणा लिहून ठेवल्या. पूर्वी काय चालत होतं आणि मी काय बदललं, अशी त्याची मांडणी आहे. 

पूर्वी नावाड्यांवरचा अधिकारी होड्या बळकावी, मासेमारीवरचा अधिकारी मासे घेई. देवाचे बैल राज्यकर्त्याच्या कांदा-काकडीच्या मळ्यात नांगराला जुंपले जात. मयत झालं तर मूठमाती देणारा सात घडे बिअर आणि ४२० भाकरी घेई, वर धान्य, वस्त्र, बोकड आणि पलंग. उरुकागिनाने ते तीन घडे आणि ८० भाकरींवर आणलं. गरिबाकडे चांगलं गाढव असेल आणि मुकादमाला ते हवं असेल, तर गरिबाने म्हणावं, मला हवी तेवढी चांदी मोजून दे. विकायचं नसेल तर मुकादमाने जबरदस्ती करायची नाही. कर्जापायी कैदेत पडलेल्यांना त्याने सोडलं. आणि शेवटी निनगिर्सू या देवाशी करार केला की, विधवा आणि अनाथ यांना बलवंताच्या हाती सोपवणार नाही.

सॅम्युअल नोआ क्रेमर यांच्यासारख्या विद्वानांनी याचं जगातली पहिली समाजसुधारणा, पहिली करकपात म्हणून कौतुक केलं. गरिबांना दिलासा मिळाला असेल, तर तो खराच होता. मयताच्या घरची लूट थांबणं ही लहान गोष्ट नाही. पण बायकांच्या बाजूने ही कलमं एकेक करून वाचा.

पहिलं कलम काडीमोडाचं. पूर्वी नवऱ्याने बायकोला सोडलं की राज्यकर्ता पाच शेकेल चांदी घेई आणि त्याचा मंत्री एक शेकेल. उरुकागिनाने ही फी बंद केली. दिलासा कुणाला? सोडणाऱ्याला. सोडलेल्या बाईच्या पोटापाण्याचं काय, याबद्दल तिथे अक्षर नाही.

दुसरं कलम : पूर्वीच्या बायका दोन-दोन पुरुष करत, आताच्या बायकांचं ते बंद झालं. जुन्या भाषांतरांत इथे दगडांच्या शिक्षेचा अर्थ लावला होता. अलीकडे 'ती चाल सोडायला लावली' असा लावतात. दोन पुरुष म्हणजे एकाच वेळी दोन नवरे, की विधवेचा पुनर्विवाह, यावरही वाद आहे. अर्थ कुठलाही घ्या, बाईला आधी काहीतरी मोकळीक होती आणि सुधारणेत ती गेली, एवढं त्या ओळीतून निघतंच.

तिसरं कलम : बाई पुरुषाला अमुक बोलली तर तिचं तोंड भाजक्या विटेने फोडावं आणि ती वीट वेशीवर लावावी. ती काय बोलली, ते शब्द पाटीवर तुटलेले आहेत. तिचे शब्द गेले आणि शिक्षा तेवढी शाबूत राहिली.

आणि चौथी गोष्ट, जी याद्यांत दिसते. उरुकागिनाने जाहीर केलं की राजाचं घर, बाईचं घर आणि मुलांचं घर यांचे मालक आता देव. बाईच्या घराची मालकीण झाली बाऊ देवी. पाट्यांवरचं नाव बदललं, 'बाईचं घर' जाऊन 'बाऊचं घर' आलं. कारभार मात्र उरुकागिनाची राणी शाशा हिच्याकडेच राहिला आणि तो वाढत गेला. हजाराहून जास्त माणसं तिथून धान्य घेत. विणणारी विणतच होती, दळणारी दळतच होती. मालकीण राणी होती ती देवी झाली, एवढाच यादीतला फरक.

विधवेच्या संरक्षणाचा अर्थही इथेच उलगडतो. नवरा नाही, जमीन नाही, अशी बाई मुलांसकट देवळाला 'अर्पण' केली जाई, अशी एक रूढी सुमेरमध्ये होती. तिला 'आरुआ' म्हणत. आय. जे. गेल्ब या अभ्यासकाने तिच्यावर १९७२ मध्ये सविस्तर लिहिलं. देवळाने तिला आसरा द्यायचा, म्हणजे धान्य द्यायचं आणि विणायला बसवायचं. उपाशी मरण्यापेक्षा ते बरंच. पण आसरा मिळालेली बाई तिथून उठून जाऊ शकत होती का? तिच्या मुलाला दुसरं काही करता येत होतं का? बाईला आधार देणाऱ्या संस्था आपणही चालवतो. हे प्रश्न आपल्यालाही लागू आहेत.

राज्य बुडालं

उरुकागिनाच्या सातव्या वर्षाच्या आसपास या याद्या थांबतात. उम्माचा राजा लुगालझागेसी चालून आला. गिर्सूत सापडलेल्या एका पाटीवर त्या विध्वंसाची कैफियत आहे : कोणती देवळं जाळली, कुठली चांदी लुटली, देवाच्या शेतातलं उभं पीक कसं कापून नेलं. शेवटी लिहिणारा म्हणतो की यात उरुकागिनाचा दोष नाही, हे पाप लुगालझागेसीच्या देवीने, निसाबाने, आपल्या मानेवर घ्यावं. देवळांची नावं एकेक करून दिली आहेत. मागावर बसलेल्या बायकांचं आणि त्यांच्या मुलांचं काय झालं, त्याची ओळ नाही. आतापर्यंत दर महिन्याला ज्यांची नावं लिहिली जात होती, त्या राज्याबरोबरच नोंदीतून गेल्या.

लुगालझागेसीही टिकला नाही. अक्कादच्या सार्गोनने त्याला हरवलं. पुढे दोनेकशे वर्षांनी लगाश पुन्हा थोडा काळ डोकं वर काढतं, गुडेआ नावाच्या राज्यकर्त्याच्या वेळी. त्याच्या एका पुतळ्यावरच्या लेखात आपल्या कामाची एक ओळ आहे : ज्या घरात मुलगा नाही, तिथे मुलीला वारस केलं. आणि देवळाच्या सोहळ्यात सात दिवस दासी मालकिणीच्या बरोबरीची होती, असंही तो सांगतो. सात दिवस! आठव्या दिवशी दळण पुन्हा तिच्याच वाट्याला. त्यानंतर लगाश उरच्या मोठ्या राज्यातला एक प्रांत झाला. त्या प्रांतातल्या विणकामाच्या नोंदींत सहा हजारांहून जास्त बायका आणि मुलं मोजलेली आहेत. राज्य गेलं, घराणी गेली. मागावरची बाई तिथेच होती, फक्त तिच्यासारख्या आणखी कितीतरी झाल्या होत्या.

यातून काय घ्यायचं

मैत्रिणींनो, उरुकागिना दांभिक होता असं मला म्हणायचं नाही. त्याची घोषणा मनापासून असेलही. मला दाखवायचं आहे ते तिचं स्वरूप. करार त्याने केला तो देवाशी. विधवेशी नव्हे. करार मोडला तर जाब विचारायचा अधिकार देवाला होता, विधवेला नव्हता. तिच्या हातात ना जमीन दिली, ना माप वाढवून दिलं, ना वेशीवर उभं राहून बोलायची सोय ठेवली. उलट बोललीच तर वीट होती. म्हणून राजा पडल्याबरोबर संरक्षणही पडलं.

गाढवाचं कलम आणि विधवेचं कलम शेजारी ठेवून पाहा. गाढववाल्या गरिबाला राजाने तोंड दिलं आहे : मला हवी तेवढी चांदी मोज, नाहीतर विकत नाही. याला हक्क म्हणतात. तो स्वतः बोलतो, किंमत स्वतः ठरवतो आणि नाही म्हणू शकतो. विधवेच्या कलमात विधवा बोलतच नाही. तिच्याविषयी दोन पुरुष, एक राजा आणि एक देव, आपसात बोलतात. याला संरक्षण म्हणतात. एकाच लेखात, एकाच राजाने, पुरुषाला हक्क दिला आणि बाईला संरक्षण.

आपल्यापुढे कुठलाही कायदा, योजना किंवा जाहीरनामा आला, की त्यातली 'महिलांच्या संरक्षणासाठी' ही ओळ पाहून आपण सुखावतो. यापुढे त्या ओळीखाली पेन्सिलने खूण करू या आणि तीन गोष्टी तपासू या. ज्या बाईसाठी हे आहे तिला यात स्वतः बोलता येतं का? पैसा, जमीन किंवा धान्य थेट तिच्या नावावर येतं का? आणि देणाऱ्याने दिलं नाही, तर ती कुणाच्या दारात जाऊन मागू शकते?

चहानंतर आपण चार गट करणार आहोत. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतली एक योजना घ्यावी आणि तिला हे तीन प्रश्न लावावेत. सोबत हजेरीपट किंवा लाभार्थींची यादी असेल तर तीही काढा. घोषणेचा कागद सगळ्यांकडे असतो. यादी कोण ठेवतं, तिच्यात कुणाची नावं आहेत आणि माप किती लिहिलं आहे, तिथून चर्चेला सुरुवात करा.